मनाच्या उपचाराचे शिक्षण

मनाचे दुखणे आपल्याकडे झाकून ठेवतात. म्हणून त्यावर उपचार करणाऱ्याचे शिक्षणही अपरिचित राहिले. भारतात मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१६ साली कलकत्त्यास निघाला. परंतु पुस्तकी ज्ञान आणि रुग्णाची पारख यांत अंतर असते. ते मिटविणारी अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९५४ साली बंगलोरास सुरू झाली. तेथे मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी रुग्णालयातच, जाणकारांच्या देखरेखीखाली शिकू लागले. शेजारच्या मनोरुग्णालयासह १९७४ साली तिचीच ‘निम्हान्स’ झाली. पुढे १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञास नोंदणी आवश्यक ठरविली.

तेव्हा पालकहो, नुसत्या एम. ए. पदवीने हा व्यवसाय करता येत नाही. करमाळ्याच्या मुलामुलींनी प्रवेशापूर्वी परिषदेची मान्यता अवश्य पाहावी. अर्धवट शिकलेल्याच्या हाती दुखावलेले मन सोपविणे धोक्याचे आहे.