टोपी आणि पगडी

शिर्डीच्या दर्शनाच्या रांगेत माणूस देवाकडे काय मागायचं याची उजळणी करतो. माझ्या मागं उभ्या भाच्यानं मात्र मामाकडेच मागणं घातलं. "मामा, पेरूच्या धंद्यासाठी टेम्पो घेतोय. बँकेत जामीन राहाल?"

रांग पुढं सरकेना, मागं फिरायला वाट नाही. मी निवृत्त मास्तर. अडचणीत आलो की इतिहासात शिरतो.

म्हटलं, "कर्ज मागावं ते बेंजामिन फ्रँकलिननं! अमेरिकेचं इंग्रजांशी युद्ध जुंपलेलं, तिजोरीत खडखडाट. डिसेंबर १७७६ मध्ये हा ७० वर्षांचा म्हातारा फ्रान्सला पोचला आणि केसाळ कातडी टोपी घालून पॅरिसभर हिंडला. लोक भाळले, मंत्री मात्र हुशार. त्यांनी चोरून दारूगोळा दिला. पण उघड दोस्तीचा तह केला तो ६ फेब्रुवारी १७७८ ला. म्हणजे साराटोगाला इंग्रजी फौज शरण आल्यावर. १७८२ पर्यंत कर्ज १ कोटी ८० लाख लिव्रांवर गेलं."

"जामीन कोण होतं?"

"फ्रान्सचा इंग्रजद्वेष!"

भाचा हसला. मला चेव आला. "आणि १७७७ सालीच पुण्यात काय चाललं होतं? सेंट लुबिन नावाचा फ्रेंच नाना फडणिसांच्या दारात आला. इथं सावकारच घरी! फौज आणतो, शिपायांना कवायत शिकवतो, म्हणाला. नानांनी त्याला मानानं ठेवून घेतलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा! फ्रेंच फौज काही आली नाही. पण इंग्रज पुण्यावर चालून आले, तेव्हा जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनीच त्यांना नाक घासायला लावलं. तात्पर्य, आधी स्वतःचं साराटोगा दाखव, मग जामीन माग."

भाच्यानं निमूटपणे खिशातून वही काढली. राहात्याच्या पेरूंची दोन हंगामांची विक्री, पैशापैशाचा हिशेब. तोटासुद्धा लपवलेला नव्हता.

"मामा, त्या फ्रान्सचं पुढं काय झालं?"

मास्तरला खोटं बोलता येत नाही. "कर्जबाजारी झालं. १७८९ मध्ये क्रांती, १७९३ मध्ये राजाचं डोकं गेलं."

"मग राहू द्या, मामा."

त्या 'राहू द्या'नं मी हरलो. सोमवारी बँकेत सही केली. पेन्शन पणाला लागली आहे, पण वही खरी होती. घरी मात्र सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "आज कुणी टोपी घातली म्हणे?"