तेर : एका नगराचा शोध आणि व्यवसायाबाहेरचे अभ्यासक

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाच्या प्राचीन वैभवाचा सर्वांत बोलका परकीय उल्लेख एका व्यापाऱ्याच्या लेखणीतून उतरला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रमार्गवर्णनाच्या कर्त्याचे नाव उपलब्ध नाही. तथापि तो इजिप्तमधून हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी व्यापार करणारा मनुष्य होता, हे त्याच्या मजकुरावरून सहज कळते. भूगोललेखन हा त्याचा व्यवसाय नव्हे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर त्याने नोंदविले. तगराहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशांतून, भडोचला येते, असेही त्याने लिहून ठेवले. मालाची नोंद त्याने नेमकेपणाने केली आहे. दिशेच्या नोंदीविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. तेर हे पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. या लहानशा ढिलाईपायी पुढील अभ्यासकांना शंभरांहून अधिक वर्षे तगराच्या शोधात भटकावे लागले.

या शोधात पडलेली माणसे पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील बहुतेकांचा चरितार्थ इतिहासावर चालत नव्हता. १७८८ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात तगरावर टिपण लिहिणारे फ्रान्सिस विल्फर्ड हे लष्करात लेफ्टनंट होते. त्यांनी तगर म्हणजे देवगिरी असे ठरविले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नरचा पक्ष मांडला. भगवानलालांची शोधक म्हणून घडण ज्यांच्या सहवासात झाली ते डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईतील नामांकित वैद्यकव्यवसायी होते आणि रुग्णांच्या गर्दीतून वेळ काढून शिलालेख व नाणी यांवर लिहीत असत. संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखविले. यांतील एकही स्थाननिश्चिती टिकली नाही. तेव्हा विल्फर्डची चूक हौशी माणसाची आणि भांडारकरांची चूक विद्वानाची, असा भेद करण्यात स्वारस्य नाही.

अशा माणसांना आपला व्यासंग चालू ठेवता आला तो मुख्यतः नियतकालिकांच्या आधारावर. १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईस 'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक सुरू केले. मुलकी अधिकारी, लष्करी अंमलदार, मिशनरी आणि एतद्देशीय पंडित हे त्याचे लेखक आणि तेच त्याचे वाचक. एखाद्या तालुक्याच्या गावी वसुलाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यास महिन्यातून एकदा येणाऱ्या त्या अंकामुळे दुसऱ्या प्रांतात कोणता ताम्रपट वाचला गेला हे कळे, आणि आपल्या दौऱ्यात आढळलेला शिलालेख कोणाकडे धाडावा हेही कळे. मराठीत १८६७ पासून 'विविधज्ञानविस्तार' आणि १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' यांनी आपापल्या परीने हेच कार्य केले. 'काव्येतिहाससंग्रह' चालविणारे साने आणि मोडक हे शिक्षकी पेशातले होते. आपल्या रोजच्या कामाशी संबंध नसलेले असे मासिक नियमाने वाचणे हा त्या पिढीतील अनेकांच्या दिनक्रमाचा भाग होता आणि त्या वाचनातूनच पुष्कळदा पुढचा लेखक तयार होई.

तगराचा प्रश्न ज्यांनी सोडविला ते जॉन फेथफुल फ्लीट याच वर्तुळातील होत. १८६७ साली ते मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाले. मध्यंतरीची काही वर्षे ते सरकारचे पुराभिलेखतज्ज्ञ होते आणि १८८५ पासून रिचर्ड कार्नॅक टेंपल या लष्करी अधिकाऱ्याच्या जोडीने त्यांनी 'इंडियन अँटिक्वेरी'चे संपादनही केले; परंतु सेवेचा मोठा काळ मुलकी कारभारातच गेला. १८९७ साली ते निवृत्त झाले आणि १९०१ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तगर म्हणजे तेर हे प्रतिपादन केले.

या स्थाननिश्चितीतील भाषिक प्रमाण थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. स्वरमध्यस्थ 'ग'चा प्राकृतात लोप होतो व त्याच्या जागी पुष्कळदा यश्रुती येते, हा सामान्य नियम होय. त्यानुसार तगर, तयर, तइर, तेर ही परंपरा कोणतीही ओढाताण न करता सिद्ध होते. याच वाटेने नगर या शब्दाचे नयर आणि मग नेर झाले. अमळनेर, पिंपळनेर, पारनेर ही ग्रामनामे त्याची साक्ष देतात. धारूरच्या बाबतीत हे साधत नाही. तेथील आद्य महाप्राण 'ध' हा तगरातील 'त'पासून कसा आला, हे दाखविता येत नाही. जुन्नर हे तर जीर्णनगर या निराळ्याच शब्दाकडे जाते. अर्थात केवळ ध्वनिसाम्यावर नगर सापडत नाही. त्याला अंतराचे, अवशेषांचे आणि लेखांचे पाठबळ हवे. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरास राज्य करीत असताही आपणांस तगरपुराचे स्वामी म्हणवीत, आणि दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरनिवासी आहे. तेव्हा हे नाव सातव्या शतकातही चालते होते. आज गावाशेजारून वाहणाऱ्या तेरणा नदीच्या नावातही त्याचाच अवशेष असावा.

फ्लीट यांच्या लेखानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला गेले. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मागील बाजूस गजपृष्ठाकार आहे हे पाहून त्यांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह ठरविले व १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तात त्याचे वर्णन दिले. त्यानंतर मात्र शास्त्रीय उत्खननास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९५८ च्या उत्खननाचा चापेकर यांचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला.

हा मधला काळ अगदीच रिता गेला असता, तर आज तेरविषयी बोलण्यासारखे फारच थोडे उरले असते. तेरणेकाठच्या टेकड्यांतून दर पावसाळ्यात पांढरी वाहून जाते, नांगराच्या फाळाला खापरे लागतात, घराचा पाया खणताना मणी निघतात. असे जे निघे ते गोळा करण्याचे काम गावातील रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने अंगावर घेतले. त्यांनी जमविलेल्या वस्तूंची संख्या हजारांत मोजावी लागते. मृण्मूर्ती, पांढऱ्या चिकणमातीच्या घोटीव मूर्ती, सातवाहनांची नाणी, रोमन नाण्यांवरून घडविलेली मातीची पदके, दिवे, शंखाचे व काचेचे अलंकार असा हा संग्रह आहे. गोरोबाकाकांच्या गावात भाजलेल्या मातीला एवढा मोठा वाली मिळावा, हा योग सुरेख आहे. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि तेर येथील शासकीय वस्तुसंग्रहालयास लामतुरे यांचे नाव देण्यात आले. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली 'तेर' हे पुस्तक लिहिले, तेव्हा या गावातील पुरावस्तू जगभरच्या अभ्यासकांच्या नजरेस आल्या.

तथापि या संग्रहाची एक उणीव झाकता येत नाही. वस्तू कोणत्या टेकडीवरील, किती खोलीवरील, कोणत्या थरातील, ही माहिती तिच्यासोबत आलेली नाही. तेरच्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीचेच उदाहरण घ्यावे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्यामुळे त्या मूर्तीचा काल त्यापुढे नेता येत नाही. भोकरदन येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननात याच जातीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिला निदान थराचा आधार आहे. तेरच्या मूर्तीचा काल ठरवावयाचा तो केवळ या दोघींशी असलेल्या साम्यावरून. साम्य हे प्रमाण खरे, पण दुय्यम. शिवाय पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी या मतासाठी तेरच्याच मूर्तीचा दाखला दिला जातो. म्हणजे एकीने दुसरीला काल द्यावा आणि दुसरीने पहिलीला माहेर द्यावे, असा हा परस्पराश्रय होतो.

येथे व्यावसायिक पुरातत्त्वज्ञाने लामतुरे यांना दोष देण्याचा मोह टाळावा. थर नोंदवू शकणारी मंडळी गावात फावडे घेऊन उतरली तोपर्यंत कित्येक पावसाळे होऊन गेले होते. ती मूर्ती कोणी उचलली नसती तर ती थरासह सुरक्षित राहिली असती, असे मानण्यास काहीच आधार नाही. ती तेरणेच्या पुरात गेली असती किंवा मुंबईच्या बाजारात विकली गेली असती, ही शक्यता अधिक. लामतुरे यांच्या हाती पडल्यामुळे तिचे मूळ गाव तरी कायम राहिले. दुसऱ्या बाजूने, संग्रहाचे कौतुक करताना थराचा प्रश्न गिळून टाकणे हेही तितकेच गैर होय. १९५८ पासूनच्या उत्खननांत थरांसह मिळालेली खापरे, मणी आणि मृण्मूर्ती यांच्याशी लामतुरे संग्रहातील एकेक वस्तू ताडून पाहिल्यास तिचा संभाव्य थर पुष्कळ अंशी ठरविता येईल. हे काम कष्टाचे आहे. त्यासाठी अहवालांतील आकृत्या हाती घेऊन तेरच्या संग्रहालयातील कपाटांपुढे दिवसचे दिवस बसावे लागेल.