मिरा-भाईंदरमधील केंद्र-राज्य अधिकारविभागणी

मिरा-भाईंदर हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील महानगरपालिका क्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. भारतीय संविधानाने केंद्र आणि राज्य यांच्यात केलेली अधिकारांची विभागणी या शहरात लोहमार्ग, मिठागरे, मासेमारी, कांदळवने, पोलीस, पाणीपुरवठा अशा दैनंदिन विषयांतून दिसून येते. नागरिकांना सर्वांत जवळची असणारी महानगरपालिका यांपैकी अनेक विषयांत निर्णायक अधिकारी नसते.

घटनात्मक चौकट

संविधानाचा अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची यांनुसार कायदे करण्याचे विषय तीन सूच्यांत विभागलेले आहेत. मूळ संविधानात संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. समवर्ती विषयांवर संसद व विधानमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. दोन्ही कायद्यांत विसंगती असल्यास अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः संसदेचा कायदा श्रेष्ठ ठरतो. मात्र राष्ट्रपतींची अनुमती मिळालेला राज्याचा कायदा त्या राज्यात लागू राहू शकतो. कोणत्याही सूचीत नसलेले विषय, म्हणजेच अवशिष्ट अधिकार, अनुच्छेद २४८ अन्वये संसदेकडे आहेत.

शहरातील प्रमुख विषय

लोहमार्ग व पोलीस : मिरा रोड आणि भाईंदर ही पश्चिम रेल्वेची स्थानके असून रेल्वे हा संघसूचीतील विषय आहे. रेल्वेच्या मालमत्तेचे संरक्षण केंद्राच्या अखत्यारीतील रेल्वे सुरक्षा दल करते. याउलट, राज्यसूचीतील ‘पोलीस’ या नोंदीत रेल्वे पोलिसांचाही समावेश असल्यामुळे फलाटावरील चोरी वा मारहाणीचा तपास राज्याचे लोहमार्ग पोलीस करतात. स्थानकाबाहेरील कायदा व सुव्यवस्था १ ऑक्टोबर २०२० पासून कार्यरत असलेल्या मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे आहे. काशीमिरा येथून जाणारा मुंबई-अहमदाबाद मार्ग राष्ट्रीय महामार्ग असल्याने तो केंद्राचा विषय ठरतो.

मिठागरे : जमीन हा राज्यसूचीतील, तर मिठाचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन हा संघसूचीतील विषय आहे. मीठ आयुक्तांची संघटना केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या अधीन असून तिचे मुख्यालय जयपूर येथे आहे. केंद्राच्या मालकीच्या मिठागर जमिनीचा अन्य उपयोग करावयाचा झाल्यास शहराचा विकास आराखडा पुरेसा ठरत नाही, केंद्राचीही संमती आवश्यक असते.

मासेमारी : उत्तन परिसरातील कोळी वस्त्यांचा समुद्राशी असलेला व्यवहारही दोन सत्तांमध्ये विभागलेला आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक जलक्षेत्रातील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार राज्य शासन करते. त्यापलीकडील मासेमारी संघसूचीत मोडते. त्यामुळे पावसाळी मासेमारी बंदीसाठी राज्य व केंद्र स्वतंत्र आदेश काढतात. दोहोंच्या तारखा जुळल्या नाहीत, तर बंदीची अंमलबजावणी कठीण होते.

वने व कांदळवने : वने व वन्यजीव संरक्षण हे विषय मुळात राज्यसूचीत होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आले. वनजमिनीतून जलवाहिनी वा रस्ता न्यावयाचा असल्यास वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार केंद्राची पूर्वमान्यता लागते. खाडीकाठची बांधकामे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेच्या अधीन असतात. ही अधिसूचना पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील असून, आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेला कोणत्याही विषयावर कायदा करू देणारा अनुच्छेद २५३ हा त्या अधिनियमाचा आधार आहे. कांदळवनांचे प्रत्यक्ष रक्षण मात्र राज्याचा वन विभाग व त्याचा कांदळवन कक्ष करतो.

पाणीपुरवठा : पाणीपुरवठा हा राज्यसूचीतील विषय आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या राज्य शासनाच्या संस्थेने हाती घेतलेल्या सूर्या प्रादेशिक योजनेच्या प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेपैकी २१८ दशलक्ष लिटर पाणी मिरा-भाईंदरसाठी राखलेले आहे. उर्वरित पाणी वसई-विरारसाठी आहे.

महानगरपालिकेचे स्थान

‘स्थानिक शासन’ हा राज्यसूचीतील विषय आहे. १२ जून १९८५ रोजी स्थापन झालेल्या नगरपालिकेचे २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिकेत रूपांतर झाले, तेही राज्याच्या निर्णयाने. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१ जून १९९३ पासून लागू) बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद केले. परंतु त्यांपैकी कोणते अधिकार किती प्रमाणात द्यावेत हे अनुच्छेद २४३-डब्ल्यू नुसार राज्य विधानमंडळच ठरवते.

अर्थव्यवहार

अनुच्छेद २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर, संसदेने वेगळी तरतूद केली नसल्यास, राज्याला वा महानगरपालिकेला कर आकारता येत नाही. त्यामुळे रेल्वेच्या जागेवर नेहमीचा मालमत्ता कर लागू होत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महाराष्ट्रातील महानगरपालिकांची जकात व स्थानिक संस्था कर ही उत्पन्नाची साधने संपुष्टात आली आणि त्यांना राज्याकडून नुकसानभरपाई देण्याचा कायदा करण्यात आला. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे भारमान एक-तृतीयांश व राज्यांचे एकत्रित दोन-तृतीयांश असून निर्णयास तीन-चतुर्थांश बहुमत लागते. साहजिकच केंद्राच्या संमतीविना कोणताही निर्णय होऊ शकत नाही. या परिषदेत महानगरपालिकांना प्रतिनिधित्व नाही.

निवडणूक व प्रशासक

अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण होणे अपेक्षित आहे. २०१७ मध्ये निवडून आलेल्या ९५ सदस्यांच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांविषयीच्या वादांमुळे राज्यभरातील स्थानिक निवडणुका रखडल्या आणि शहराचा कारभार राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकाकडे राहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये मिरा-भाईंदरसह राज्यातील महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात शहरातील मतदारांना संसदेत व विधानसभेत प्रतिनिधी होते, परंतु महानगरपालिकेत निर्वाचित प्रतिनिधी नव्हता.