आकाशातला चकवा

आमच्या मूलच्या बाजूला, म्हणजे चांदा-गडचिरोलीच्या या रानमुलखात, चकवा ठाऊक नसलेला माणूस विरळा. तेंदूपत्त्याला किंवा मोहफुलांना गेलेला चांगला जाणता गडी; वाट पायाखालची; आणि तरी अंधार पडला की तो चालतच राहतो आणि तासाभराने पुन्हा त्याच पळसापाशी येऊन उभा राहतो. म्हातारी माणसे यावर उतारा सांगतात: घटकाभर खाली बैस, तोंडावर पाणी मार, आणि मनाला वाटेल त्या दिशेने मुळीच जाऊ नकोस. शास्त्र शिकलेली मंडळी हे ऐकून हसतात. पण विमानविद्येचा इतिहास चाळताना माझ्या असे ध्यानात आले, की वैमानिकाच्या त्या काचेरी खोलीत, ज्याला सगळे कॉकपिट म्हणतात, गेल्या शंभर वर्षांत जी जी तबकडी बसली तिच्यातल्या निम्म्यांचे काम हाच उतारा देण्याचे आहे.

आकाशातही चकवा लागतो, आणि तो रानातल्यापेक्षा फार लवकर लागतो. आपल्या कानाच्या आत तीन वळणदार नळ्या असतात व त्यांत एक द्रव असतो. डोके फिरले की हा द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. पण वळण मंद असेल आणि बराच वेळ चालू राहिले, तर द्रवही त्या गतीने फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळच चाललो आहोत. जमिनीवर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात किंवा काळोखात दुरुस्त करणारे कोणी नसते. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने यंत्रावरून उडण्याचे शिक्षण न झालेल्या २० वैमानिकांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती निर्माण करून पाहिले. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत!

आरंभीच्या वैमानिकांनी यावर सोपा तोडगा काढला होता: दिवसा उडायचे आणि जमीन नजरेआड होऊ द्यायची नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून ५५ पौंड टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरले आणि दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. पुढे मद्रासपर्यंतचा पल्ला नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेला. विमान होते ‘पस मॉथ’, एका इंजिनाचे, बंद केबिनचे. त्याच्या कॉकपिटात बिनतारी यंत्र नव्हते. होकायंत्र, वेग सांगणारी, उंची सांगणारी आणि इंजिनाची प्रकृती सांगणारी तबकडी, एवढाच संसार. बाकी सारे खिडकीतून पाहायचे: समुद्राची कड, रेल्वेचे रूळ, नदीचे वळण. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई, तेव्हा टाटांची विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानावर बिऱ्हाड हलवीत. आजही विमानांचे षौकीन आवडत्या विमानांची नावे घेऊ लागले की हे ‘मॉथ’ घराणे पुढेच असते, आणि मला त्यात नवल वाटत नाही. त्यात माणूस आणि आकाश यांच्यामध्ये फार थोडे होते.

परंतु टपाल काही सूर्याच्या वेळापत्रकावर चालत नाही. खिडकीबाहेरचे क्षितिज रात्री दिसत नसेल तर ते आत आणले पाहिजे, हा विचार अमेरिकेत आधीच सुरू झाला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल या वैमानिकाने कॉकपिटवर झाकण ओढून घेतले आणि बाहेरचे काही न पाहता उड्डाण केले, चक्कर मारली आणि तो उतरला. मदतीला होती एल्मर स्पेरी यांच्या कारखान्यातली दोन यंत्रे आणि कोल्समन यांचे अचूक उंचीमापक. स्पेरींच्या यंत्रांचा आत्मा म्हणजे आपला भोवरा. भोवरा जोरात फिरत असला की तो आपली दिशा सोडत नाही. तळहातावर घेऊन हात कलता केला तरी तो आपला ताठच. असा एक भोवरा पेटीत बसवायचा, त्याला हवेच्या झोताने फिरते ठेवायचे आणि त्याला एक आडवी रेघ जोडायची. विमान कोणीकडेही कलो, ती रेघ खऱ्या क्षितिजाशी समांतर राहते. हे झाले कृत्रिम क्षितिज. तबकडी तळहाताएवढी, पण माझ्या मते खुद्द इंजिनानंतर विमानातला सर्वांत मोठा शोध हाच.

आता नागपूरकडे वळू. १९४९ साली दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना काढली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या घरी परतायचे. देशाच्या नकाशावर नागपूर मध्यभागी, म्हणून हा मान त्याला मिळाला. ३० जानेवारी १९४९ ला इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने सुरुवात केली. ती कंपनी टिकली नाही. मग हिमालयन एव्हिएशनने काम उचलले आणि १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ते इंडियन एअरलाइन्सकडे आले. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! त्या काळच्या लोकांना हा चमत्कारच वाटला असणार.

चमत्काराला विरोधही होता, आणि तो करणारे दुसरेतिसरे कोणी नसून जे. आर. डी. टाटाच होते. रात्री उतरण्यास लागणाऱ्या सोयी देशात पुरेशा नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्री मागे हटले नाहीत. पुढे १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली हवाई वाहतुकीच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. मला दोन्ही बाजू पटतात. नव्या देशाला घाई होती, ती समजण्यासारखी होती. पण घाईची किंमत अंधारात बसलेले दोन वैमानिक देणार होते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून उडालेले टपालाचे डकोटा विमान कोसळले. कामगार पुढारी व खासदार हरिहरनाथ शास्त्री त्यात गेले.

मद्रास आणि नागपूर यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवून पाहा. रेघ जवळजवळ चांद्याच्या डोक्यावरून जाते. आमचे मूल तिच्या पूर्वेला पंचवीस-तीस मैलांवर राहते. म्हणजे मद्रासचे टपाल गोदावरी ओलांडून आमच्याच जंगलावरून जात होते. माझ्या वडिलांचे आजोळ भद्रावतीकडचे. जोंधळ्याच्या राखणीला मचाणावर बसलेली माणसे त्या घरघरीवरून रात्र किती झाली हे ओळखत, असे ते सांगत. खाली या लोकांजवळ शेकोटी होती. वर वैमानिकाला काय दिसत असेल? त्या काळी चांदा मागे पडले की मैलोगणती दिवा नाही. अमावास्येच्या रात्री वर तारे आणि खाली एखाद-दुसरी शेकोटी. तारा कोणता आणि शेकोटी कोणती हेही कळू नये. त्या माणसाचा सारा भरवसा समोरच्या मंद उजेडातल्या त्या आडव्या रेघेवर.

डकोटाविषयी थोडे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. हे विमान प्रथम उडाले १७ डिसेंबर १९३५ ला. प्रत्येकी सुमारे १२०० अश्वशक्तीची दोन इंजिने. लष्करी आणि मुलकी मिळून दहा हजारांवर विमाने तयार झाली. आपल्याकडे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला शीख पलटण उतरवली ती डकोटांनीच. कॉकपिट ऐसपैस खचित नव्हते. पावसात काचेच्या फटीतून पाणी मांडीवर ठिबकते, अशी वैमानिकांची तक्रार असे. तरी जगभरचे षौकीन त्याच्यावर जीव टाकतात, कारण ते चुकांना क्षमा करी. २०१८ साली असेच एक जुने डकोटा इंग्लंडात दुरुस्त होऊन ‘परशुराम’ नावाने आपल्या वायुदलात परत आले.

कॉकपिटातल्या तबकड्या वाढल्या तसा घोळही वाढला. प्रत्येक कारखाना त्या आपल्या मर्जीने मांडी. इंग्रजांच्या वायुदलाने १९३७ च्या सुमारास सहा मुख्य तबकड्यांची जागा ठरवून टाकली, आणि क्षितिजाला वरच्या ओळीत मधोमध बसवले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाके मिटत आणि धडधाकट विमान पोटावर बसे. १९४३ मध्ये अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखे. त्याने एकाच्या टोकाला छोटे चाक बसवले आणि दुसऱ्याच्या टोकाला पंखासारखी पट्टी. अपघात थांबले. माणसाला बोल लावण्याआधी खटका पाहावा, ही गोष्ट मी परीक्षेचे पेपर तपासताना पुष्कळदा आठवतो.

आणि तरीही १ जानेवारी १९७८ ची रात्र आली. एअर इंडियाचे पहिले जंबो विमान, ‘एम्परर अशोक’, १९७१ साली आले तेव्हा सगळ्या मुंबईने कौतुक केले होते. त्या नववर्षाच्या रात्री ते सांताक्रूझहून दुबईला निघाले. मागे मुंबईचे दिवे, पुढे काळे पाणी. उडाल्यावर विमान थोडे उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनपुढचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते. ते विमान उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. कॅप्टन ते सरळ करण्यासाठी डावीकडे कलवीत गेले. कॉकपिटात अशी आणखी दोन यंत्रे होती, एक सहवैमानिकापुढे आणि एक मध्ये राखीव. तिसऱ्या आसनावरच्या फ्लाइट इंजिनिअरने त्या यंत्रावर जाऊ नका असे सुचवण्याचा प्रयत्न केला, पण वेळ उरला नव्हता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या समोर समुद्रात गेले. २१३ माणसे गेली.

रानातल्या चकव्यात मनाचे ऐकू नकोस म्हणतात. इथे वैमानिकाने मनाचे ऐकले नाही, शिकवल्याप्रमाणे यंत्राचे ऐकले. आणि यंत्रच चकले. या अपघाताविषयी वाचताना मी दर वेळी थांबतो. त्या कॅप्टनला दोष देणे सोपे आहे, आणि चौकशीतही त्यांच्या हातून झालेल्या हाताळणीकडे बोट दाखवले गेले. पण तीन साक्षीदारांपैकी खोटा कोण हे काही क्षणांत, अंधारात ठरवायचे होते. न्यायालयाला त्यासाठी महिने लागतात.

क्षितिज कसे दाखवावे यावरही जगात एकमत नाही, हे मला नाशिकच्या मिग विमानांमुळे कळले. ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून उभा राहिला आणि तिथे मिग-२१ बनू लागले. पाश्चात्त्य यंत्रात विमानाची खूण स्थिर असते आणि क्षितिजाची रेघ कलते, कारण खिडकीतून तसेच दिसते. रशियन पद्धतीच्या यंत्रात रेघ आडवीच राहते आणि कलते ती विमानाची खूण, जणू मागून कोणी पाहत आहे. वर्गात पोरांना मी फळ्यावर कललेले विमान काढायला सांगतो. अजून एकानेही जमीन कलवली नाही. तेव्हा माझे मत रशियनांच्या बाजूने जाते. अडचण येते ती एका पद्धतीत मुरलेल्या माणसाला दुसरीत बसवले की. २००८ साली रशियात पेर्म येथे बोइंग ७३७ कोसळून ८८ जण गेले. वैमानिकांची जुनी सवय रशियन यंत्राची होती, हे त्या चौकशीतल्या अनेक कारणांपैकी एक होते. मिग-२१ च्या कॉकपिटात आणखी एक साधी गोष्ट होती. तबकड्यांच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ रंगवलेली असे. विमान गरगरत खाली जाऊ लागले, काही सुचेनासे झाले, तर दांडा त्या रेघेच्या दिशेने ढकलायचा. एवढ्या वेगवान विमानात शेवटी खडूने मारल्यासारखी एक रेघ! २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हे विमान सेवेतून निवृत्त झाले.

पुढची हकीकत झटपट सांगता येते, कारण ती झटपट घडली. तिसऱ्या आसनावरचा इंजिनिअर गेला आणि तबकड्यांच्या जागी पडदे आले. सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये, कॉकपिटात दोघीही स्त्रिया असलेले इंडियन एअरलाइन्सचे पहिले उड्डाण फोकर फ्रेंडशिप विमानातून केले, तेव्हा त्यांच्यापुढे तबकड्याच होत्या. १९८९ मध्ये त्याच कंपनीत एअरबस ए-३२० आले आणि पडद्यांचे राज्य सुरू झाले. पडद्यावर वर निळे आकाश आणि खाली तपकिरी जमीन. क्षितिज आता तळहाताएवढे राहिले नाही, ते सगळ्या पडद्याभर पसरले. आतला फिरता भोवराही पुष्कळ विमानांतून गेला. त्याच्या जागी प्रकाशाचे दोन किरण एका बंद वाटेवरून उलटसुलट धावतात, आणि विमान वळले की त्यांच्यात पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून वळण मोजले जाते.

मात्र या पडद्यांच्या गर्दीत एक छोटे क्षितिज आजही वेगळे ठेवलेले असते. सगळे पडदे एकदम काळे झाले तरी ते चालावे, म्हणून त्याची वीज बॅटरीवरून येते. वैमानिक उड्डाणापूर्वी मोठ्या पडद्यांवरचे क्षितिज या छोट्याशी ताडून पाहतात आणि मगच धावपट्टीकडे निघतात.