भेदभाव, विशेषाधिकार आणि आपण : आदिलाबाद-मावला परिसरातील मराठी कुटुंबांसाठी

आपल्या मंडळात एक तक्रार वारंवार होते. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्याला ‘महाराष्ट्रवाले’ म्हणतात, कचेरीतला अर्ज तेलुगूत असतो, आणि बोलण्यात थोडा हेल आला की समोरचा हसतो. ही तक्रार खरी आहे. पण आपल्याच शेतावर, दुकानात आणि ओसरीवर आपण इतरांशी कसे वागतो, यावर मात्र सभेत चर्चा होत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात, म्हणून ही माहिती दिली आहे. घरातल्या मुला-नातवंडांशी बोलतानाही तिचा उपयोग व्हावा.

आपण इथे अल्पसंख्य कसे झालो

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी असे तिन्ही भाषांचे मुलूख होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद, बोथ, उटनूर हे भाग आंध्र प्रदेशात राहिले. माणसे जागची हलली नाहीत, सरहद्द मात्र हलली. पैनगंगेच्या पलीकडचा मामा बहुसंख्य झाला आणि अलीकडचा भाचा भाषिक अल्पसंख्य झाला. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले.

अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-क सांगते. त्यासाठी मागणी करणे हा आपला हक्क आहे. मात्र त्याच घटनेचे कलम १५ आणि कलम १७ हेही आपल्याला तितकेच लागू आहेत. कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करते. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे.

तीन शब्द, साध्या भाषेत

*वंशभेद* : माणसाचा रंग, कूळ किंवा जन्म पाहून त्याची किंमत ठरवणे. आपल्याकडे हे काम मुख्यतः जात करते. पण रंगही त्यात असतोच. स्थळ पाहताना ‘मुलगी उजळ आहे ना?’ हा प्रश्न अजून विचारला जातो.

*विशेषाधिकार* : न मागता मिळालेली आणि मिळाली हे लक्षातही न येणारी सोय. आरक्षणाला आपण ‘सवलत’ म्हणतो, कारण ती कागदावर दिसते. ओळखीने मिळालेली सोय कुठल्याच कागदावर येत नाही. बँकेतलेच उदाहरण घ्या. पूर्वी खाते उघडायला जुन्या खातेदाराची सही लागायची. ज्याच्या गल्लीत, नात्यात किंवा दुकानाच्या ओळीत खातेदार होते त्याचे काम दहा मिनिटांत व्हायचे. पाड्यावरून आलेल्या कोलाम माणसाला अशी सही देणारा कुणीच नसायचा. नियम सगळ्यांना सारखाच होता, कुणी मुद्दाम अडवतही नव्हते, तरी एकाचे काम व्हायचे आणि दुसरा परत जायचा. ओळख ही पासबुकात न दिसणारी शिल्लक असते.

*आंतरछेदिता* : एकाच माणसावर दोन-तीन प्रकारचे भेद एकत्र येतात तेव्हा होणारा वेगळाच त्रास. हा शब्द अमेरिकेतील कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडला. त्यांनी जनरल मोटर्स कंपनीविरुद्धच्या १९७६ च्या निकालाचा दाखला दिला होता. कंपनीत कृष्णवर्णीय पुरुष कारखान्यात होते आणि गोऱ्या स्त्रिया कचेरीत होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना १९६४ पूर्वी घेतलेच नव्हते, त्यामुळे नोकरकपातीत त्या आधी गेल्या. न्यायालयाने वंशभेद आणि लिंगभेद वेगवेगळे पाहिले, दोन्ही एकत्र धरायला नकार दिला. मग या स्त्रियांची तक्रार बसवायला खानाच उरला नाही.

आपल्याकडे हेच पाहायचे असेल तर शेतीकडे पाहावे. २०१८ मध्ये राज्यात रयतु बंधू योजना सुरू झाली. तिची रक्कम पट्टेदाराच्या नावावर यायची, ठोक्याने जमीन कसणाऱ्याला नाही. पट्टा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावे असतो. आता ठोक्याने कापूस लावणारी विधवा आदिवासी बाई डोळ्यांसमोर आणा. ती आदिवासी आहे, बाई आहे आणि जमीनही तिच्या नावावर नाही. यातली एकच गोष्ट मोजली तर तिची अडचण पूर्ण दिसत नाही.

मराठीत हा विचार जुना आहे

‘हे सगळे परदेशी खूळ आहे’ असे कुणी म्हटले तर मुक्ता साळवे यांचे नाव सांगावे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातील मुलीने सुमारे चौदा वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात जातीच्या छळाबरोबरच, घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांच्या हालांबद्दलही तिने लिहिले. जात, गरिबी आणि बाईपण तिने एकत्र मांडले. क्रेनशॉ यांच्या लेखाच्या १३४ वर्षे आधी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९३४ चा अनुभव तर आपल्याच जुन्या संस्थानातला, दौलताबाद किल्ल्याचा आहे. सहकाऱ्यांसह त्यांनी दारापाशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले, म्हणून तिथल्या मुस्लिम लोकांनी गलका केला. शेवटी, पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. परदेशी पदव्या आणि बॅरिस्टरी असूनही हे झाले. शिक्षण आणि पैसा आले की भेद आपोआप मिटतो, या समजाला हे उत्तर आहे. भेदभाव एकाच धर्माचे लोक करतात असे नाही, हेही यातून दिसते.

या जिल्ह्याचा जुना हिशेब

गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, तोटी, आंध हे इथले जुने रहिवासी. जमीन आणि जंगलाच्या हक्कासाठी लढताना कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे या प्रश्नाचा अभ्यास सोपवला. बाहेरून आलेल्या लोकांच्या हाती गोंडांच्या जमिनी कशा गेल्या, हे त्यांनी सविस्तर लिहिले. या बाहेरून आलेल्यांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही होती. अनुसूचित क्षेत्रात आदिवासींची जमीन इतरांकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा जमीन हस्तांतर विनियम आला आणि १९७० मध्ये तो कडक झाला. तरी प्रश्न संपला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा आहे, लोक याहून जास्त सांगतात.

आजच्या प्रत्येक मराठी घराला यासाठी दोषी धरावे असे कुणी म्हणत नाही. पण ‘आम्ही इथे कष्टाने उभे राहिलो’ हे सांगताना, त्याच काळात कोण मागे ढकलले गेले हेही मुलांना सांगायला हवे.

यात ‘आपण’ कोण, हाही प्रश्न आहे. गोंडांचे परंपरेने भाट असलेले परधान इथे घरात मराठी बोलत आले आहेत. आंध, मातंग आणि बौद्ध कुटुंबांचीही भाषा मराठीच. मराठी भाषकांचे मंडळ म्हणायचे तर ही घरे सभासदांच्या यादीत, कार्यकारिणीत आणि पंगतीत किती आहेत, हे मोजून पाहता येईल.

रोजच्या जगण्यात कुठे पाहावे

- *अरे-तुरे* : सत्तरीच्या गोंड माणसाला ‘तू’ आणि तिशीतल्या साहेबाला ‘तुम्ही’ म्हटले जाते का? मुले हे ऐकूनच शिकतात.
- *कप आणि ताट* : सालगडी किंवा कामवाल्या बाईचा कप वेगळा ठेवतो का? कारण ‘स्वच्छता’ सांगत असलो, तर पाहुण्यांनाही तोच नियम लावतो का?
- *भाड्याचे घर* : खोली देताना आडनाव ऐकून प्रश्न वाढतात का?
- *उत्सव* : दिवाळीत गुसाडी नाचणाऱ्यांचे आणि केस्लापूरच्या नागोबा जत्रेचे फोटो आपण हौसेने काढतो. त्याच पाड्यातल्या मुलाला आपल्या घरी जेवायला बोलावतो का?
- *घरातल्या बायका* : सुनेच्या नावावर जमीन, खाते किंवा घराचा काही वाटा आहे का?
- *परदेशातील मुले* : तिथे त्यांना रंगावरून बोलले गेले की आपल्याला संताप येतो, तो योग्यच आहे. पण अमेरिकेतील सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. आपली जात आपल्यासोबत तिथेही पोहोचली, असा याचा अर्थ आहे.

बोलायचे कसे

ज्याला सोसावे लागले त्याचे आधी पूर्ण ऐकावे. ‘आमच्याकडे असे काही नाही’ हे वाक्य टाळावे. ज्याला अनुभव नाही त्याला ते दिसत नसते. ‘मीही गरिबीत दिवस काढले’ हे खरे असू शकते, पण ते समोरच्याला उत्तर नव्हे. गरीब असूनही पाणवठ्यावर कुणी अडवले नाही, ही सोय होतीच. माणसाला नावे ठेवण्याऐवजी कृतीवर बोलावे. ‘तुम्ही जातीयवादी आहात’ म्हटले की बोलणे संपते. ‘हा कप वेगळा का?’ म्हटले की सुरू होते. आणि जिथे अपमान, मारहाण किंवा बहिष्कार आहे तिथे चर्चा पुरत नाही. त्यासाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

तेलुगू कचेरीत आपल्याला मान मिळावा ही आपली मागणी रास्त आहे. तीच मागणी कोलाम म्हातारा आपल्या ओसरीवर करत असेल, तर तिचेही उत्तर आपल्याला द्यावे लागेल.