औषधी खड्याची कुळकथा

स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या माळांवर हेदर नावाचं खुरटं, काटक झुडूप दूरवर पसरलेलं असतं. तित्तिराच्या गोतातला तांबूस रेड ग्राउज त्याच्याच कोंबांवर जगतो. कोंब चिवट, म्हणून हा पक्षी गारगोटीचे बारीक खडे गिळतो आणि पेषणीत, म्हणजे पोटाच्या स्नायुमय कप्प्यात, त्यांच्या साहाय्याने अन्न दळून घेतो. आज अनेक माळांवर पेट्यांतून असे खडे ठेवलेले असतात. त्यांवर चरबीचा थर असतो आणि त्या थरात जंताचं औषध.

या खड्याचं मूळ एका जुन्या रोगराईत आहे. एकोणिसाव्या शतकात काही वर्षांच्या अंतराने ग्राउज पटापट मरत. शिकारीवर जमीनदारांचं उत्पन्न अवलंबून, त्यामुळे कारणाचा शोध हिरिरीने चालला. 1870 च्या दशकात थॉमस स्पेन्सर कॉबोल्ड या कृमितज्ज्ञाने आतड्यातल्या केसासारख्या बारीक जंतांकडे बोट दाखवलं. पुढे जीवाणूंचा जमाना आला, संशय तिकडे वळला आणि जंत मागे पडले.

1905 मध्ये लॉर्ड लोव्हॅट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. माळावरचं काम आलं एडवर्ड विल्सनकडे. या कथेत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा माणूस. डॉक्टर, चित्रकार, नुकताच ध्रुवसंशोधक स्कॉटबरोबर अंटार्क्टिकाहून परतलेला. त्याने दोनेक हजार पक्षी चिरून तपासले आणि ऋतूंप्रमाणे बदलणारी त्यांची पिसं रंगवून ठेवली. 1911 च्या अहवालाने दोष पुन्हा जंतावर ठेवला. तो पक्ष्याच्या लांबलचक अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या एका टोकाला बंद असलेल्या फाट्यात, राहतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ओल मिळाली की अळ्या हेदरच्या शेंड्यावर चढतात आणि पक्षी तोच शेंडा खुडतो. अहवाल छापला गेला तेव्हा विल्सन पुन्हा अंटार्क्टिकात होता. मार्च 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना तो स्कॉटबरोबर मरण पावला.

जंताचा खरा पुरावा आला तो शास्त्रज्ञ पीटर हडसन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून. 1989 आणि 1993 मध्ये, पक्ष्यांची संख्या कोसळण्याच्या बेतात असताना, त्यांनी काही माळांवरचे पक्षी पकडून लेव्हामिसोल हे जंतनाशक पाजलं. तिथली घसरण बरीच आटोक्यात राहिली. त्यांनाच आणखी एक गोष्ट आढळली. अंड्यांवर बसलेली जंतग्रस्त मादी कुत्र्यांना वासावरून लवकर सापडते, औषध दिलेली सहसा सापडत नाही. म्हणजे जंत तिला कोल्ह्याच्याही तोंडी देतो.

पण माळावरचा प्रत्येक पक्षी कोण पकडणार? तो जे आपणहून उचलतो त्यातच औषध घालावं, ही युक्ती खड्याने साधली. आधी फेनबेंडाझोल, आता फ्लुबेंडाझोल.

आजारी पक्ष्याला औषध द्यावं, यात वाद नाही. मात्र शिकारीला भरपूर पक्षी मिळावेत म्हणून जंत न मोजता दरवर्षी पेट्या भरणं मला चूक वाटतं, कारण त्यातून औषधाला न जुमानणारे जंत तयार होण्याचा धोका वाढतो. शिकारीचा हंगाम 12 ऑगस्टला उघडतो. पक्षी माणसाच्या ताटात जाणार असल्याने, तो मारण्याआधी किमान 28 दिवस औषधी खडे बंद ठेवावे लागतात.