प्रोसेसरची धाप

कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफाच्या गल्ल्याखाली 2004 साली मी पहिला कॅमेऱ्याचा पीसी बसवला. पेंटियम फोर, 512 एमबी रॅम, 80 जीबीची हार्डडिस्क आणि पीसीआय स्लॉटमध्ये चार चॅनेलचं कार्ड. कार्ड मुंबईला लॅमिंग्टन रोडवर घेतलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मांडीवर ठेवून आणलं. तिसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला, "ते यंत्र लई धापा टाकतंय, येऊन बघा." गेलो, तर सीपीयूच्या पंख्यानं दुकान डोक्यावर घेतलेलं. गिऱ्हाइकाला डागाचं वजन सांगायला शेठना आवाज चढवावा लागत होता. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर 100 टक्के. आणि कॅमेरे चारच.

त्यानंतर किती कॅमेरे बसवले त्याचा हिशेब ठेवला नाही, पण ही धाप कमी करण्यात माझी वीस वर्षं गेली. या धंद्याचा इतिहास कुणी लिहिला तर तो लेन्सचा आणि मेगापिक्सेलचा लिहील. मला तो वेगळा दिसतो. सगळं बघणं कधी कुणालाच परवडलं नाही, म्हणून काय सोडून द्यायचं यावरच प्रत्येक पिढीनं डोकं चालवलं.

मी आयटीआय केलं आणि टीव्ही-व्हीसीआरच्या दुरुस्तीत पडलो. त्या काळात मोठ्या दुकानांतून टाइम-लॅप्स व्हीसीआर असायचे. तीन तासांची ई-180 कॅसेट त्यात 24 तास चालायची. त्यात जादू काही नव्हती. आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं येतात, हे मशीन त्यातली तीनेक टिपायचं आणि बाकीची सोडून द्यायचं. माणूस ठेचकाळत चालल्यासारखा दिसायचा. चार कॅमेरे असले तर 'क्वाड' नावाचा डबा एका पडद्याचे चार तुकडे करून द्यायचा. सोमवार ते रविवार अशा सात कॅसेटी, आठव्या दिवशी सोमवारचीच पुन्हा. वर्षभरात त्या इतक्या घासल्या जायच्या की चेहऱ्याऐवजी मुंग्याच दिसायच्या. पण प्रोसेसर नव्हता, त्यामुळे धापही नव्हती. दर महिन्याला हेड पुसून द्यायचं, एवढंच काम.

घरासाठी कॅमेरा ही कल्पना मात्र याहून खूप जुनी, आणि ती एका नर्सबाईंची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. रात्रीअपरात्री घरी एकट्या असायच्या, पोलिसांना बोलावलं तर यायला वेळ लागायचा. त्यांनी नवऱ्याबरोबर (ते इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ) 1966 साली पेटंटचा अर्ज केला, ते 2 डिसेंबर 1969 रोजी मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं आणि कॅमेरा मात्र एकच. तो वरखाली सरकून एकेका भोकातून बघायचा, आणि बाई खोलीत बसून टीव्हीवर. चार कॅमेरे घ्यायचे नाहीत, एकाला फिरवायचं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण गुजरीतल्या माझ्या कार्डातही नेमकं तेच चाललेलं होतं.

त्या स्वस्त कार्डावर बीटी-878 नावाची एकच चिप असायची, मूळ टीव्ही ट्यूनरसाठी बनवलेली. पाठीमागे केबल लावायला चार तोंडं, पण आतला कान एकच. ती चिप एका कॅमेऱ्याकडून दुसऱ्याकडे उड्या मारायची. दर उडीला नव्या कॅमेऱ्याशी ताल जुळेपर्यंत एक-दोन चित्रं वाया जायची. त्यामुळे 25 चित्रं चौघांत वाटूनही प्रत्येकाच्या वाट्याला सहा यायची नाहीत, तीन-चारच. शिवाय कार्ड फक्त चित्र आणून टाकायचं, दाबून बारीक करायचं काम पेंटियमच्या माथी. 704 बाय 576 चं एक कच्चं चित्र आठ लाख बाइटांचं. पूर्ण वेगानं घेतलं तर एका कॅमेऱ्याचे सेकंदाला 20 एमबी. हे गिळायचं, चावायचं, डिस्कवर टाकायचं, वर मॉनिटरवर दाखवायचं, आणि काही हाललं का तेही बघायचं. धाप लागेल नाही तर काय?

त्या दिवशी मी काय केलं? चित्राचा आकार 352 बाय 288 वर आणला, म्हणजे पिक्सेल पावपट. मागच्या खोलीच्या कॅमेऱ्याचं हालचाल-तपासणीचं काम काढून टाकलं. आणि शेठना सांगितलं, रात्री मॉनिटरवरचं चित्र लहान करून ठेवा, कुणी बघत नसताना मशीननं ते रंगवत बसायला नको. पंखा खाली आला. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे आणखी एक फायदा झाला : प्रोसेसर थंड राहिल्यानं यूपीएसही जास्त वेळ तग धरू लागला. पुढे कार्डावरच दाबणी करणाऱ्या चिपा आल्या. चीनच्या हिकव्हिजनची सुरुवात अशाच कार्डांनी झाली. महाग असायची, पण ज्यानं एकदा घेतलं तो मागे फिरला नाही.

गरजेपुरतंच बघायचं हे शहाणपण इंग्लंडात केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 सालीच आलं होतं. ट्रोजन रूममधल्या कॉफीच्या भांड्यावर त्यांनी कॅमेरा लावला, कारण जिने उतरून जावं तर भांडं रिकामं असायचं. चित्र 128 बाय 128, काळंपांढरं, आणि मिनिटाला तीनच. कारण सरळ होतं : कॉफी काही धावत नाही. आजही गिऱ्हाईक प्रत्येक कॅमेऱ्याला सेकंदाला 30 चित्रं मागतं, तेव्हा मी विचारतो, तुमच्या पाण्याच्या टाकीवर नक्की काय पळणार आहे?

दाबणीचं ओझं पीसीवरून खरं उतरलं ते कॅमेऱ्याच्या पोटातच संगणक बसल्यावर. स्वीडनमधल्या लुंडच्या ॲक्सिस कंपनीनं 1996 साली 'नेटआय 200' काढला, थेट नेटवर्कच्या तारेला जोडायचा पहिला कॅमेरा. वेग किती? सेकंदाला एक चित्र, आणि मोठ्या आकारात 17 सेकंदांना एक. आज पोरं हसतील. पण कॅमेरा स्वतःच चित्र दाबून पाठवू लागला, ही उलथापालथ होती. 2003 साली एच.264 ही दाबणीची पद्धत आली, 2008 साली वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एका भाषेत बोलावेत म्हणून ओनव्हिफ ही संघटना उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईवर 26/11 चा हल्ला झाला आणि 2010 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट. त्यानंतर कॅमेरा ही सराफाचीच चीज राहिली नाही. किराणावाले आले, मंगल कार्यालयं आली, बंगलेवाले आले.

आता दाबणी कॅमेऱ्यात होते म्हटल्यावर पीसी निवांत बसायला हवा होता. तसं झालं नाही. कोल्हापूरच्याच राजारामपुरीत माझ्या शाळेतल्या बाई राहतात, मुलगा परदेशात. त्यांच्या बंगल्यावर आठ कॅमेरे आणि मुलाच्या जुन्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह मशीनवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. बाईंचा फोन, "अरे, तुझं ते यंत्र देवघरापर्यंत ऐकू येतं." डिस्क कमी पडते म्हणून महिन्यापूर्वी मीच कॅमेरे त्याहून जास्त दाबणाऱ्या एच.265 पद्धतीवर टाकले होते. फाइल निम्म्यावर आली, पण त्या आय-फाइव्हच्या ग्राफिक्समध्ये एच.265 उलगडायची पूर्ण सोयच नव्हती. ती इंटेलनं 2015 च्या सहाव्या पिढीत दिली. सगळं उलगडणं चार बिचाऱ्या कोअरांच्या अंगावर पडलं. चूक माझीच, खापर दुसऱ्या कुणावर फोडायचं कारण नाही.

तिथं मला गुजरीतले शेठ आठवले. सराफाकडे पुडी येते, सील लावलेली. ती तशीच तिजोरीत ठेवली तर काम क्षणाचं. पण प्रत्येक पुडी सोडून, डाग तोलून, नवी पुडी बांधून मग ठेवायची म्हटलं तर दिवस पुरत नाही. बाईंचं सॉफ्टवेअर पुड्या सोडत होतं. कशासाठी? चित्रावर तारीख-वेळ छापायला! त्यासाठी आठही कॅमेऱ्यांचं चित्र उलगडून, आकडे छापून, पुन्हा दाबलं जात होतं. तारीख कॅमेऱ्यातूनच छापून घेतली आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, आलेलं जसंच्या तसं डिस्कवर टाक. ब्लू आयरिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय कितीतरी वर्षं आहे, पण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर कोण जातो?

उरलं ते हालचाल बघण्याचं काम, त्याला पुडी सोडावी लागतेच. मग लहान पुडी सोडायची. प्रत्येक कॅमेरा दोन धारा देतो, एक मोठी आणि एक धाकटी, म्हणजे सबस्ट्रीम. मोठी 1920 बाय 1080, धाकटी 640 बाय 360 : बरोबर नववा हिस्सा. सेकंदाला 15 ऐवजी पाच चित्रं घेतली तर काम सत्ताविसावा हिस्सा. हालचाल धाकटीवर तपासायची, पुरावा मोठीत ठेवायचा. ब्लू आयरिसमध्ये ही दुहेरी सोय 2020 साली आली. टाळेबंदीत घरी बसून मी ती शिकलो, तेवढाच त्या वर्षाचा फायदा.

आणखी एक युक्ती व्यापाऱ्यालाच पटकन कळते. किर्दीच्या पानावर माथ्याला मागची शिल्लक असते, खाली नुसत्या जमा-खर्चाच्या नोंदी. व्हिडिओही तसाच : अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मध्ये फक्त झालेले फरक. कुणी बघत नसताना सॉफ्टवेअरनं माथ्यावरच्या शिल्लकाच वाचाव्यात, नोंदी सोडाव्यात. मात्र कॅमेऱ्यात पूर्ण चित्र सेकंदाला एक असं लावावं लागतं. चार सेकंदांनी एक ठेवलं, तर तेवढ्यात मांजर काय, माणूसही अंगण ओलांडून जातो.

बाईंकडे हे सगळं एका दुपारी केलं. कॅमेरे परत एच.264 वर, उलगडायचं काम इंटेलच्या ग्राफिक्सकडे, रेकॉर्डिंगचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून बाहेर, आणि नारळाच्या झावळ्या हलतात तो कोपरा हालचालीच्या चौकटीतून वगळला. प्रोसेसर 96 टक्के होता, तो 13 वर आला. चहा घेऊन निघालो. संध्याकाळी बाईंचा फोन, "अरे, आवाजच येईना. बंद पडलं की काय?"

रेकॉर्डिंग चालू होतं, आठही कॅमेऱ्यांचं.